घराची ऊब किती अंशांची?

दांडीच्या किनाऱ्यावर थंडी येते ती रात्री, आणि तीही वाऱ्याच्या पाठीवर बसून. पौष महिन्यातसुद्धा दुपारी समुद्राकडून खारे वारे वाहू लागले, की उच्छेळी-दांडीच्या गल्ल्यांत अंगावरची शाल नकोशी होते. रात्र चढली की चित्र पालटते. जमीन लवकर निवते, समुद्र मात्र आपली ऊब धरून राहतो. मग जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा सुटतो आणि जव्हार-मोखाड्याच्या बाजूचा कोरडा गारठा दाराखालच्या फटीतून घरात शिरतो. पहाटे चार ते साडेसहा हे त्याचे खरे राज्य. सूर्य हातभर वर आला की ते संपते. आपल्याकडची घरे या दोन-अडीच तासांसाठी बांधलेली नाहीत, आणि तशी ती बांधण्याचे कारणही नव्हते. उंच छत, समोरासमोर खिडक्या, झरोके, पायाखाली गार लादी ही सारी योजना वैशाखातल्या घामाविरुद्धची आहे.

म्हणूनच ‘हिवाळ्यात घराचे तापमान किती अंशांवर ठेवावे’ हा प्रश्न वीस वर्षांपूर्वी कोणी विचारला असता, तर दांडीत त्याचे हसे झाले असते. आज तो दोन वाटांनी घरात येतो. बोईसरच्या नव्या इमारतींत गार आणि गरम अशी दोन्ही हवा देणारे वातानुकूलक बसू लागले आहेत. एक वाट ती. दुसरी वाट लांबची आहे. मुलगा किंवा मुलगी न्यू जर्सीत, टोरांटोत किंवा लंडनमध्ये स्थिरावलेली असते, आणि नातवंडाच्या ओढीने आई-वडील नेमके डिसेंबरात विमानात बसतात. तिथे भिंतीवर तळहाताएवढी एक डबी असते, आणि त्या डबीवरच्या आकड्यावरून घरात जी अबोल ओढाताण चालते, ती आपल्यापैकी कित्येकांनी पाहिली आहे.

पहिल्या वाटेचे उत्तर लवकर देता येते. आपल्या समाजातील अनेकांची विजेच्या उपकरणांची दुकाने आहेत, आणि गिऱ्हाईक ‘गरम हवेचाही द्या’ म्हणत आले की चार पैसे अधिक देणारा माल काढून दाखवण्याचा मोह कोणालाही होईल. पण पालघरच्या किनारपट्टीवर त्या गरम हवेचा उपयोग वर्षातून मोजक्या पहाटांना. याला शास्त्राचाही आधार आहे. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातील संशोधकांनी अहमदाबाद, बेंगळुरू, चेन्नई, दिल्ली आणि शिमला या पाच शहरांतील कार्यालयांत बसणाऱ्या माणसांना ऋतूऋतूंत विचारून ‘तुम्हाला आत्ता कसे वाटते’ याच्या हजारो नोंदी गोळा केल्या. त्यांतून भारतीय माणसाच्या सुखद तापमानाचे एक सूत्र निघाले आणि २०१६च्या राष्ट्रीय इमारत संहितेत त्याला जागा मिळाली. खिडक्या उघड्या ठेवणाऱ्या इमारतींसाठी ते सूत्र असे आहे : गेल्या तीस दिवसांचे बाहेरचे सरासरी तापमान घ्यावे, त्याला ०.५४ने गुणावे आणि १२.८३ मिळवावेत. आपल्या किनाऱ्यावर जानेवारीतील दिवस-रात्रीची सरासरी २२ अंशांच्या आसपास धरू. उत्तर येते २४.७. त्याच्या दोन्ही बाजूंना सुमारे २.४ अंशांची सूट दिली, तरी शंभरातल्या नव्वद माणसांना चालते, असे ते संशोधन सांगते. म्हणजे घरात २२ ते २७ अंश असले, तर बहुतेकांची तक्रार नसावी. आणि दांडीच्या घरात जानेवारीत दिवसातील बहुतेक वेळ एवढे तापमान यंत्राविनाच असते.

या सूत्रातला विचार मला महत्त्वाचा वाटतो. सुखाचा आकडा एकच नसतो, तो ऋतूबरोबर सरकतो. शिमल्याचा माणूस जानेवारीत ज्याला उबदार म्हणेल, त्याच खोलीत दांडीचा माणूस कानटोपी शोधेल. दोघेही खरे बोलत असतात.

उरल्या त्या पहाटा. तिथे हवेचा आकडा फारसा कामाचा नाही. डेन्मार्कमधील फँगर या अभियंत्याने १९७० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात माणसाचे ऊष्मासुख सहा गोष्टींवर ठरते असे मांडले : हवेचे तापमान, आजूबाजूच्या भिंती-फरशीचे तापमान, हवेचा वेग, दमटपणा, अंगावरचे कपडे आणि शरीराची हालचाल. भिंतीवरची डबी या सहांपैकी फक्त पहिली मोजते. बाकीच्या पाच आपल्या हातातल्या आहेत, आणि त्या जवळजवळ फुकट आहेत. पहाटे पाय गारठतात ते लादीमुळे. तिथे सतरंजीचा एक पट्टा आणि पायमोजे जे करतील, ते गरम हवेचा झोत करणार नाही, कारण गरम हवा वर छताशी जाऊन बसते. मतलई वारा पूर्व-ईशान्येकडून येतो. त्या बाजूच्या खिडकीची फट रात्री बुजवली, की अर्धे काम झाले.

कपड्यांचे तर मोजमापच ठरलेले आहे. १९४१ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी ‘क्लो’ हे एकक सुचवले : २१ अंशांच्या खोलीत स्वस्थ बसलेल्या माणसाला बरे वाटावे, इतकी ऊब म्हणजे एक क्लो. त्यांच्यापुढे होता सूट घातलेला पुरुष. आपल्या घरातील आजींचा त्यात विचार नव्हता. ती उणीव हैदराबादच्या माधवी इंद्रगंटी यांनी पुढे भरून काढली. साडी नेसण्याच्या निरनिराळ्या पद्धतींची ऊब त्यांनी रीतसर मोजली. तीच साडी, तोच पदर. पण तो खांद्यावरून मोकळा सोडला की एक आकडा आणि दोन्ही खांद्यांवरून लपेटून घेतला की दुसरा. आपल्या आज्या हे कोणतेही यंत्र न लावता जाणून होत्या.

आता दुसरी वाट, म्हणजे परदेशातील ती डबी. हा प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्याजोगा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली घर आणि आरोग्य यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत थंड हवामानाच्या देशांसाठी घरातील किमान तापमान १८ अंश सेल्सिअस असावे असे म्हटले आहे. पुढे एक जोड आहे, आणि घरोघरी नेमकी तीच वाचायची राहून जाते : वृद्ध, लहान मुले आणि दीर्घ आजार असलेल्या माणसांना याहून अधिक ऊब लागू शकते. कारण साधे आहे. गारठ्यात त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब वर जातो. तरुणाला ते जाणवतही नाही. ज्यांचा रक्तदाब आधीच वाढलेला आहे, ज्यांना दम्याचा किंवा हृदयाचा त्रास आहे, त्यांच्यासाठी थंड खोलीत काढलेली प्रत्येक रात्र हा एक भार असतो. शिवाय वयाबरोबर थंडीची जाणीव मंदावते. वृद्ध माणूस कुडकुडतो कमी, आणि म्हणून पाहणाऱ्याला वाटते की यांना काही थंडी नाही. शरीराचे आतले तापमान ३५ अंशांच्या खाली उतरले, तर ती वैद्यकीय आणीबाणी असते. आणि ते घराबाहेर बर्फात उभे राहूनच घडते असे नाही.

येथे आपल्या घरांची एक खास गोष्ट आहे, जी तिकडच्या कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही. चौविहार पाळणाऱ्या माणसाचे हिवाळ्यातले वेळापत्रक पाहा. डिसेंबरात पालघरला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि सातनंतर उगवतो. नवकारशी धरली, तर सुमारे चौदा तास पोटात काही नाही. न्यू जर्सीत तोच सूर्यास्त साडेचारला होतो आणि सूर्योदय सव्वासातच्या आसपास. म्हणजे साडेपंधरा तास. जेवणानंतर पचनामुळे शरीरात जी ऊब तयार होते, ती काही तासांत ओसरते. तिकडच्या घरातला दुसरा कोणीही रात्री थंडी वाजली तर उठून कपभर गरम दूध घेईल, निदान गरम पाण्याचा घोट तरी घेईल. बा तो घेणार नाहीत. त्यांच्याजवळ पांघरूण आणि खोलीची हवा एवढीच साधने उरतात. आयंबिल किंवा उपवास सुरू असेल, तर शरीराची भट्टी आणखी मंद पेटलेली असते. अशा माणसाच्या खोलीचा आकडा चाळिशीतल्या मुलाच्या अंगमानाने ठरवणे योग्य नाही.

मुलाची बाजूही ऐकली पाहिजे. घर तापवण्याचा खर्च तिकडे खरोखरच मोठा असतो, आणि काटकसर ही आपल्या पेढीवरच शिकलेली गोष्ट आहे. अमेरिकी सरकारचे ऊर्जा खाते सांगते, की जागेपणी ६८ ते ७० फॅरनहाइट, म्हणजे २० ते २१ सेल्सिअस ठेवावे. आणि रोज आठ तास ते ७ ते १० फॅरनहाइट अंशांनी उतरवले, तर वर्षाकाठी दहा टक्क्यांपर्यंत खर्च वाचतो. सूनबाई हे वाचून झोपताना आकडा ६० करतात, तेव्हा त्या काही चुकीचे करीत नसतात. पण ६० फॅरनहाइट म्हणजे साडेपंधरा सेल्सिअस. आरोग्य संघटनेच्या किमान आकड्याच्या अडीच अंश खाली. फॅरनहाइटमधून ३२ वजा करून पाचाने गुणावे आणि नवाने भागावे, एवढा हिशेब आपल्यापैकी कोणालाही तोंडी जमतो. तो एकदा सर्वांसमक्ष मांडला, तर निम्मी ओढाताण तिथेच मिटते, कारण बहुतेकदा ‘साठ’ हा आकडा ऐकून बांना तो फार मोठा वाटत असतो आणि त्या गप्प बसतात.

मग किती? न्यू जर्सीच्या नियमात भाडेकरूंसाठी एक मोजमाप दिलेले आहे. १ ऑक्टोबरपासून १ मेपर्यंत घरमालकाने सकाळी ६ ते रात्री ११ घरात किमान ६८ फॅरनहाइट आणि उरलेल्या वेळी किमान ६५ फॅरनहाइट ऊब पुरवली पाहिजे. ६५ म्हणजे १८.३ सेल्सिअस, आरोग्य संघटनेच्या आकड्याला अगदी लागून. भाडेकरूला कायद्याने जेवढी ऊब मिळते, त्याहून कमी ऊब स्वतःच्या घरात आईला मिळू नये. सत्तरीपुढचे माणूस घरात असेल, तर माझ्या मते दिवसा ७०-७१ आणि रात्री ६७-६८ ठेवावे, आणि आई-वडील परतल्यावर खुशाल पुन्हा खाली आणावे. तीन-चार महिन्यांचा हा जादा खर्च तिकिटांच्या आणि प्रवासी विम्याच्या हिशेबातच धरून ठेवला, तर मनाला लागत नाही.

आकडा ठरला तरी दोन-तीन घोटाळे राहतात. पहिला, आकडा चढवला की घर लवकर तापते हा समज. नेहमीची भट्टी एकाच वेगाने ऊब देते. ७०ऐवजी ८० लावल्याने ती घाई करत नाही, फक्त थांबण्याचे विसरते. उष्णतापंपावर चालणाऱ्या घरात तर एकदम मोठा आकडा चढवला, की आतली जादा विजेची कॉइल पेटते आणि बिल फुगते. दुसरा घोटाळा जागेचा. ती डबी बहुधा बैठकीच्या खोलीत किंवा मार्गिकेत असते आणि तिथलीच हवा मोजते. आई-वडिलांना मात्र कोपऱ्यातली, दोन बाजूंनी बाहेरच्या भिंती असलेली किंवा तळघरातली खोली दिलेली असते. डबीवर ६८ दिसत असताना त्या खोलीत ६३ असणे मुळीच नवलाचे नाही. म्हणून जाताना सामानात एक साधे खोली-तापमापक न्यावे आणि उशाशी ठेवावे. ‘मला थंडी वाजते’ हे वाक्य आपल्या पिढीला मुलाच्या घरी उच्चारणे जड जाते. तापमापकाकडे बोट दाखवणे सोपे असते. तिसरी गोष्ट कोरडेपणाची. बाहेरची गोठलेली हवा आत आणून तापवली, की तिच्यातला दमटपणा फार उतरतो. दांडीच्या खाऱ्या, ओलसर हवेत वाढलेल्या नाकाला आणि त्वचेला तो सोसत नाही. घसा सुकतो, खोकला लागतो, आणि पाणी रात्री घेता येत नाही. हवेत बाफ सोडणारे यंत्र तिकडे सर्वत्र मिळते. नाहीतर दिवसा धुतलेले कपडे खोलीतच वाळत घालावेत.

या आकड्यावरून देशांच्या सरकारांनाही जनतेशी बोलावे लागले आहे, हे वाचकांना गमतीचे वाटेल. २ फेब्रुवारी १९७७ रोजी राष्ट्राध्यक्ष कार्टर लोकरीची बंडी घालून दूरचित्रवाणीवर आले आणि इंधनटंचाईमुळे दिवसा ६५ व रात्री ५५ फॅरनहाइटवर भागवा, असे त्यांनी अमेरिकनांना विनवले. जपानने २००५च्या हिवाळ्यात कार्यालये २० सेल्सिअसवर ठेवून गरम कपडे घालण्याची मोहीम काढली. रशियाचा वायू आटला, तेव्हा जर्मनीने सप्टेंबर २०२२ पासून सरकारी कार्यालयांत १९ सेल्सिअसची मर्यादा घातली. रात्रीचे ५५ म्हणजे १३ सेल्सिअसही नाही. कार्टरसाहेबांची ती विनंती चौविहारी आजींनी मानू नये.

परत दांडीला येऊ. आपल्या शेजारी तारापूरला १९६९ साली अणुवीज केंद्र सुरू झाले, तरी वीज आपल्याला काही फुकट मिळत नाही. आणि जानेवारीच्या रात्रीही काही तरुण मंडळी वातानुकूलक १८ अंशांवर लावून जाड रजई ओढून झोपतात. शरीराला ते सोसत असेल. हिशेबाला सोसत नाही. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या नियमाने १ जानेवारी २०२० पासून तारांकित वातानुकूलक सुरू होताना २४ अंशांवर येतो, आणि एकेक अंश वर नेल्याने सुमारे ६ टक्के वीज वाचते असे ब्यूरो सांगते. त्या महिन्यात मतलई वाऱ्यासाठी खिडकी उघडली तर शंभर टक्के वाचते. मात्र त्याच खोलीत आजोबा झोपत असतील, तर ती खिडकीही विचारूनच उघडावी.

एका गोष्टीची भीती मात्र खरीच बाळगावी. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपणे, किंवा बिनझरोक्याच्या न्हाणीघरात गॅसचा गिझर लावणे, यांतून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साचतो. त्याला रंग नाही, वास नाही. झोपलेला माणूस झोपेतच जातो. गॅसचा गिझर न्हाणीघराबाहेर मोकळ्या हवेत बसवावा, यात तडजोड नको. मधुमेहामुळे पायांची संवेदना गेलेल्या माणसाच्या पायाशी गरम पाण्याची पिशवीही तशीच ठेवू नये. ती आधी गरम करून अंथरूण उबवावे आणि माणूस झोपण्यापूर्वी काढून घ्यावी. कातडी भाजलेली त्यांना कळत नाही.

आणि खरे पाहता दांडी-बोईसरच्या घरात हिवाळ्यात रोज हाताळली जाणारी तापमानाची एकच कळ आहे : विजेच्या गिझरची. तिचा आकडा क्वचितच कोणी पाहतो. टाकीचे पाणी २४ अंशांचे धरले, तर १५ लिटर पाणी ६० अंशांवर नेण्यास सुमारे ०.६३ युनिट लागते आणि ५० अंशांवर नेण्यास ०.४५. पण ६०चे पाणी गार पाण्यात मिसळले, की अंघोळीजोगे ४० अंशांचे ३४ लिटर पाणी होते. ५०च्या पाण्याचे २४ लिटरच. म्हणजे दोन माणसे पाठोपाठ अंघोळ करणार असतील तर ६० बरे, एकट्यापुरते ५० पुरे. वीज खरी जाते ती गिझर दिवसभर चालू ठेवल्याने, टाकीतली ऊब भिंतींतून झिरपते त्यात. बरेच दिवस कोमट पडून राहिलेल्या पाण्यात लिजिओनेला नावाचे जंतू वाढू शकतात. ६० अंशांवर ते तग धरत नाहीत. म्हणून बाहेरगावाहून परतल्यावर पहिल्या दिवशी आकडा ६०वर न्यावा. तेच ६०चे पाणी थेट अंगावर पडले, तर पाच सेकंदांत खोलवर भाजते, आणि लहान मुलाला त्याहूनही लवकर. त्यामुळे बादलीत आधी गार पाणी घ्यावे, मग गरम.